३२-बिट, ६४-बिट की एआरएम? सिस्टिम टाकायच्या आधी नेमकी कुठली फाइल घ्यायची

विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली की डाउनलोडच्या पानावर एएमडी६४, आय३८६, एआरएम६४ अशी नावं ओळीनं दिसतात आणि बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. कुणी इंटेलचा प्रोसेसर आहे म्हणून एएमडी लिहिलेली फाइल सोडून देतं, कुणी आत्ता ३२-बिट विंडोज चालतंय म्हणून परत ३२-बिटच टाकतं, कुणी एम१ मॅकवर व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं दुसरं आभासी मशीन) करताना साध्या पीसीची आयएसओ (सिस्टिमची इन्स्टॉलची फाइल) लावून बसतं, आणि मग काहीच बूट होत नाही म्हणून पेनड्राइव्ह बदलून बघतात, दुसरा पोर्ट बघतात, सगळं बघतात, फक्त फाइलचं नाव बघत नाहीत.

यातली जवळजवळ सगळी गडबड क्रम उलटा झाल्यामुळं होते. लोक आधी डाउनलोड करतात आणि मग मशीनला चालतंय का बघतात. क्रम असा ठेवा: आधी प्रोसेसर, मग फर्मवेअर (बायोस किंवा यूईएफआय, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर), मग रॅम, मग जुनी सॉफ्टवेअरं आणि प्रिंटर, आणि हे सगळं कागदावर लिहून झाल्यावर डाउनलोड. कागदावर म्हणतोय ते खरंच लिहा, कारण सिस्टिम उडवल्यावर ही माहिती बघायला मशीन चालू नसतं.

## १. आधी नावं ओळखा

एकच गोष्ट चार नावांनी लिहिलेली असते, त्यामुळं घोळ होतो.

एएमडी६४, एक्स८६-६४, एक्स६४ ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची. साध्या पीसी-लॅपटॉपचा ६४-बिट प्रोसेसर. हा प्रकार एएमडीनं आधी बाजारात आणला, २००३ साली, म्हणून नावात एएमडी राहिलं. नंतर इंटेलनं तोच स्वीकारला. त्यामुळं इंटेलचा आय३, आय५, आय७, सेलेरॉन काहीही असलं तरी फाइल एएमडी६४ वालीच घ्यायची.

आय३८६, आय६८६, एक्स८६ म्हणजे ३२-बिट. इथं ८६ हा आकडा ६४ पेक्षा मोठा दिसतो म्हणून ते नवीन असेल असं समजून एक्स८६ डाउनलोड करणारे खूप आहेत. ८६ हे जुन्या चिपच्या नंबरातून आलेलं नाव आहे, बिटशी त्याचा संबंध नाही.

एआरएम६४, एआर्च६४ म्हणजे एकदम वेगळ्या जातीचा प्रोसेसर. अ‍ॅपलचे एम१ पासूनचे मॅक, स्नॅपड्रॅगन एक्सवाले विंडोज लॅपटॉप, रास्पबेरी पाय ३, ४, ५ हे सगळे यात. ६४ दिसतंय म्हणून ही फाइल साध्या पीसीवर चालणार नाही, आणि साध्या पीसीची यावर चालणार नाही.

आर्महफ म्हणजे ३२-बिट एआरएम. हे जुन्या रास्पबेरी पायला लागतं.

कुठं आयए६४ दिसलंच तर ते इंटेलच्या इटॅनियम सर्व्हरसाठीचं आहे. इंटेल या नावाला भुलून ते घेऊ नका, घरातल्या कुठल्याही मशीनला ते लागत नाही.

## २. प्रोसेसर काय आहे ते बघा, चालू सिस्टिम काय आहे ते नाही

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिम उघडा, खाली अबाउट. तिथं सिस्टिम टाइप अशी एक ओळ असते. त्या ओळीत स्वल्पविराम असतो आणि दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. स्वल्पविरामाच्या आधी आत्ता टाकलेली सिस्टिम किती बिटची आहे ते, आणि नंतर प्रोसेसर कुठला आहे ते. लोक पहिला भाग वाचून थांबतात. "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर" असं दिसलं तर याचा अर्थ तुमचं मशीन ६४-बिटचं आहे आणि त्यावर कुणीतरी ३२-बिट विंडोज टाकून दिलेलं आहे. सेकंडहँड घेतलेल्या मशीनवर हे सर्रास सापडतं, कारण विकणाऱ्याकडं एकच पेनड्राइव्ह असतो आणि तो सगळ्या मशीनवर तेच टाकत जातो.

दुसऱ्या भागात एक्स८६ असेल तर प्रोसेसरच ३२-बिट आहे. एआरएम असेल तर थेट सातव्या टप्प्यावर जा.

सावधान: एमएसइन्फो३२ नावाच्या खिडकीतही सिस्टिम टाइप दिसतं, पण ३२-बिट विंडोज चालू असताना तिथं एक्स८६ पीसी असंच लिहून येतं, खालचा प्रोसेसर ६४-बिटचा असला तरी. प्रोसेसर ठरवायला ती जागा वापरू नका, अबाउटचीच ओळ धरा.

लिनक्सवर टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही कमांड द्या, सगळी अक्षरं लहान आणि जोडून. त्यात सीपीयू ऑप-मोड्स अशी ओळ येते, तिथं "३२-बिट, ६४-बिट" दोन्ही दिसलं की प्रोसेसर ६४-बिटचा. यूनेम कमांडला डॅश आणि एम लावून बघणारे खूप आहेत, पण ती कमांड चालू असलेल्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं सांगते, प्रोसेसरचं नाही, म्हणजे वरच्यासारखाच फसवा प्रकार.

मशीनमध्ये सिस्टिमच नसेल किंवा हार्डडिस्क गेली असेल तर बायोसमध्ये जा, तिथं प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि नंबर दिसतो. तो लिहून घ्या आणि मोबाइलवर कंपनीच्या साइटवर शोधा, माहितीच्या तक्त्यात इन्स्ट्रक्शन सेट अशी ओळ असते तिथं ६४-बिट आहे का ते लिहिलेलं असतं.

जुन्या मशीनमध्ये या जागा फसवतात:

- कोअर ड्युओ आणि कोअर टू ड्युओ हे वेगळे. कोअर ड्युओ ३२-बिट, कोअर टू ड्युओ ६४-बिट. मधला "टू" नीट वाचा.
- पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार आहेत. सुरुवातीचे ३२-बिट, शेवटचे ६४-बिट, त्यामुळं नुसतं पेंटियम ४ या नावावर ठरवू नका, नंबर बघा.
- २००८-०९ च्या सुमाराचे छोटे नेटबुक, ज्यात अ‍ॅटम एन२७० असायचा, ते ३२-बिटचे. नंतरचा एन४५० मात्र ६४-बिट.

तपासा: कागदावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि त्यापुढं ३२, ६४ किंवा एआरएम यातलं एक लिहिलेलं आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

## ३. फर्मवेअर किती बिटचं आहे

हा टप्पा कुणी करत नाही, आणि बहुतेक मशीनला तो लागतही नाही. पण ज्याला लागतो त्याचे दोन दिवस जातात.

२०१३ ते २०१५ च्या दरम्यान इंटेल अ‍ॅटमचे, बे ट्रेल नावाच्या चिपचे, स्वस्त टॅबलेट आणि कीबोर्ड सुटा होणारे छोटे लॅपटॉप भरपूर विकले गेले. यात प्रोसेसर ६४-बिटचा, पण बऱ्याच मशीनमध्ये यूईएफआय ३२-बिटचं. त्यामुळं ६४-बिटचा पेनड्राइव्ह लावला की तो बूटच्या यादीतच येत नाही किंवा सरळ पुढची सिस्टिम चालू होते. एरर नाही, काही नाही. माणूस पेनड्राइव्ह खराब आहे असंच समजतो.

लिनक्स चालू असेल तर सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर, त्याच्या आत ईएफआय, आणि त्यात एफडब्ल्यू-प्लॅटफॉर्म-साइझ नावाची फाइल असते, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. ती उघडली की आत फक्त ६४ किंवा ३२ एवढंच लिहिलेलं असतं. ईएफआय फोल्डरच नसेल तर मशीन जुन्या पद्धतीच्या बायोस मोडमध्ये चालू झालेलं आहे आणि तिथं हा प्रश्न येत नाही.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावरही हे बघता येतं. त्यावर ईएफआय फोल्डरमध्ये बूट फोल्डर उघडा. बूटएक्स६४ नावाची फाइल असेल तर ६४-बिट यूईएफआयवर चालेल, बूटआयए३२ असेल तर ३२-बिट यूईएफआयवरही चालेल, आणि बूटएए६४ असेल तर तो पेनड्राइव्ह एआरएमचा आहे. अशा टॅबलेटसाठी बूटआयए३२ असलेली ६४-बिट लिनक्स शोधावी लागते. फेडोरा या लिनक्सनं २७ व्या आवृत्तीपासून अशा मिश्र मशीनची सोय केलेली आहे. विंडोजची ६४-बिट आवृत्ती मात्र ३२-बिट यूईएफआयवर बसत नाही, तिथं विंडोजच हवं असेल तर ३२-बिटला पर्याय नाही.

## ४. रॅम आणि चिपसेट

३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरत नाही, आणि त्यातलीही सगळी मिळत नाही, साधारण ३ ते ३.५ जीबी हाताशी येते कारण उरलेली जागा ग्राफिक्स आणि बाकी हार्डवेअरच्या पत्त्यांना जाते. म्हणून ८ जीबी टाकून ३२-बिट चालवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त रॅम मशीनमध्ये नुसती पडून ठेवणं.

उलटा प्रश्न जास्त विचारला जातो, की रॅम २ जीबीच आहे, मग ३२-बिट टाकू का? ६४-बिट थोडी जास्त रॅम खाते हे खरंय. विंडोज १० ला कागदोपत्री ३२-बिटसाठी १ जीबी आणि ६४-बिटसाठी २ जीबी लागते. पण माझं मत स्पष्ट आहे: प्रोसेसर ६४-बिटचा असेल तर ६४-बिटच टाका आणि लिनक्स असेल तर हलका डेस्कटॉप निवडा, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीवाला. कारण अडचण रॅमची नाही, ब्राउझरची आहे. क्रोमनं ३२-बिट लिनक्सला २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्सवरची शेवटची नेहमीची आवृत्ती १४४. ३२-बिट टाकून २०० एमबी वाचवाल आणि बँकेची साइट उघडायला चालू स्थितीतला ब्राउझरच नसेल, तर उपयोग काय.

आणखी एक. जुन्या मशीनमध्ये रॅम वाढवायला पैसे घालायच्या आधी चिपसेट बघा. इंटेल ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी टाकली आणि ६४-बिट सिस्टिम टाकली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसते, कारण मर्यादा बोर्डाची आहे, सिस्टिमची नाही. तिथं ३ जीबीवर थांबा, उरलेल्या पैशात एसएसडी घ्या, फरक लगेच कळेल.

## ५. जुनी सॉफ्टवेअरं, प्रिंटर आणि डोंगल

घरच्या मशीनला हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. दुकान, पतसंस्था, डीटीपीवाले, छोटं ऑफिस यांना मात्र सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यांच्याकडंच तो गाळला जातो, कारण सिस्टिम टाकायला येणारा मुलगा फक्त डेटा किती आहे विचारतो, रोज काय चालवता ते विचारत नाही.

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. आणि डॉसवरची बिलिंगची, व्याज काढायची, खतावणीची सॉफ्टवेअरं, डॉसच्या फॉक्सप्रोवर केलेली, ती या प्रकारात येतात. काळ्या-निळ्या स्क्रीनवर बाणाच्या बटणांनी चालणारं काही तुमच्याकडं रोज वापरात असेल तर ६४-बिट टाकल्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार नाही. ३२-बिट विंडोज १० मध्ये त्याची सोय आहे, विंडोज फीचर्समधल्या लेगसी कंपोनंट्समध्ये एनटीव्हीडीएम (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) चालू करावं लागतं.

थोडा फसवा प्रकार असा की काही प्रोग्रॅम स्वतः ३२-बिटचे असतात, ते ६४-बिट विंडोजवर छान चालले असते, पण त्यांची सेटअपची फाइल १६-बिटची असते आणि ती उघडतच नाही. नव्वदीतल्या सीडींवर हे हमखास मिळतं.

साधे ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतात, त्याची भीती बाळगू नका. त्यासाठीच तर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्स नावाचे दोन फोल्डर दिसतात, दुसऱ्याच्या नावात एक्स८६ असतं. पण ड्रायव्हरला ही सवलत नाही. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हर ६४-बिटचाच लागतो. म्हणून या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकाचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी शोधा:

- प्रिंटर, विशेषतः जुना लेझर आणि पासबुक छापायचा डॉट मॅट्रिक्स
- स्कॅनर, बारकोड रीडर, बोटाचा ठसा घेणारं यंत्र
- जुन्या मराठी टायपिंगच्या किंवा अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून पोर्टला लावायचं छोटं यंत्र)
- टीव्ही कार्ड, सिरीयल पोर्टवरचा वजनकाटा असं काही

डोंगलचा ड्रायव्हर मिळाला नाही तर सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असूनही ते डेमोसारखं वागतं किंवा उघडतच नाही. डीटीपीवाल्यांनी तर हे नीट तपासल्याशिवाय मशीनला हातच लावू नये, वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि अंक त्या जुन्या फॉन्टात अडकलेले असतात.

मग अशा ठिकाणी काय करायचं? मला पटलेला मार्ग असा: मुख्य मशीनवर ६४-बिट टाका आणि जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज टाकून त्यात चालवा, त्या आतल्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. यूएसबीचं डोंगल आत जोडता येतं. अडचण फक्त प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टवर असेल तेव्हा येते, तिथं आतून छपाई करणं फार कटकटीचं होतं, तर मग ते जुनं मशीन आहे तसं ठेवा, इंटरनेटची वायर काढा, आणि बाकीच्या कामाला दुसरं मशीन वापरा. मालकाला हे खर्चाचं वाटतं, पण भर महिनाअखेरीला पासबुकं छापणं बंद पडण्यापेक्षा ते बरं.

तपासा: रोजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरपुढं आणि यंत्रापुढं "६४ वर चालतं", "नाही" किंवा "व्हर्च्युअलमध्ये" असं लिहिलं का?

## ६. आता सिस्टिमची आवृत्ती ठरवा

विंडोज ११ फक्त ६४-बिट आणि एआरएम६४ मध्ये येतं. ३२-बिट नाहीच, त्यामुळं "विंडोज ११ ३२-बिट" नावाची फाइल कुठं दिसली तर ती डाउनलोड करू नका, ती अधिकृत असूच शकत नाही. आणि नुसता ६४-बिट प्रोसेसर पुरत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढं. काही जण टीपीएमची तपासणी चुकवून टाकतात, पण २४एच२ पासून एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट ही प्रोसेसरमधली सोय नसेल तर ते बूटच होत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओ ६४-बिटचा असूनही तिथं संपतो.

विंडोज १० दोन्ही प्रकारात आहे, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ३२-बिट घेत असाल तर ते मशीन नेटपासून लांब ठेवायचं हे धरूनच घ्या.

लिनक्स, ६४-बिट प्रोसेसरला काही अडचणच नाही, जवळजवळ सगळं मिळतं. अडचण फक्त-३२-बिट मशीनची आहे आणि इथं जुने लेख वाचून लोक फसतात, कारण परिस्थिती पटापट बदलली. उबुंटूनं ३२-बिट डेस्कटॉप आयएसओ १७.१० पासून बंद केली. लिनक्स मिंटची मुख्य शाखा १९.३ ला थांबली. मिंटची डेबियनवाली शाखा एलएमडीई ६ पर्यंत ३२-बिट देत होती, ७ मध्ये तीही गेली. डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्यामुळं असं मशीन असेल तर डेबियन १२ घ्या, तिला दीर्घ मुदतीचा सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे, किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ घ्या, एन२७० सारख्या नेटबुकला ती जास्त झेपते. अशा मशीनकडून टायपिंग, गाणी, फाइल ठेवणं एवढीच अपेक्षा ठेवा.

सावधान: डेबियन १२ ३२-बिट मशीनवर आहे म्हणून १३ ला अपग्रेड करायला जाऊ नका.

## ७. एआरएमवाल्यांसाठी

मॅक. वर डावीकडं सफरचंदावर क्लिक करून अबाउट धिस मॅक उघडा. चिप लिहून पुढं एम१, एम२ असं असेल तर एआरएम, प्रोसेसर लिहून इंटेल असेल तर एक्स८६-६४. मॅकओएसची फाइल निवडायची वेळ येत नाही, इन्स्टॉलर एकच असतो. इंटेल मॅक असेल तर एवढं लक्षात ठेवा की मॅकओएस २६ टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची, आणि तीही सगळ्या इंटेल मॅकवर नाही.

चूक होते ती व्हर्च्युअल मशीनमध्ये. एम मालिकेच्या मॅकवर यूटीएम, पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये लिनक्स किंवा विंडोज टाकायचं तर आयएसओ एआरएम६४चीच लागते. कॉलेजची मुलं इथं हमखास अडकतात, कारण वर्गात दिलेली आयएसओ एएमडी६४ची असते. यूटीएममध्ये इम्युलेट करून ती चालवता येते पण इतकी सावकाश की प्रॅक्टिकलचा तास संपतो. आणि विंडोजचा दुहेरी बूट, बूट कॅम्पवाला, या मॅकवर नाहीच.

स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप. यांना विंडोज ११ची एआरएम६४ आयएसओ लागते, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ती वेगळ्या पानावर आहे. साधे इंटेलवाले प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर नाही, म्हणजे पाचव्या टप्प्यातली यादी इथं पुन्हा करा, या वेळी "एआरएम६४ ड्रायव्हर आहे का" असं विचारून. ऑफिसचा व्हीपीएन, डिजिटल सहीचं टोकन आणि जुना प्रिंटर या तीन जागा आधी बघा.

रास्पबेरी पाय. ३, ४, ५ आणि झीरो २ डब्ल्यू ६४-बिटचे, पहिला पाय आणि साधा झीरो ३२-बिटचे. इथं एक गंमत आहे: पाय ४ वर ३२-बिट सिस्टिम टाकली तरी कर्नल ६४-बिटचा चालू होतो, त्यामुळं यूनेम एआर्च६४ दाखवतं आणि तुम्ही एआरएम६४चं पॅकेज टाकायला जाता, ते बसत नाही. डीपीकेजी कमांडला दोन डॅश लावून प्रिंट-आर्किटेक्चर असं विचारा. तिथं आर्महफ आलं तर सिस्टिम ३२-बिटची, पॅकेज त्याचंच घ्या.

## ८. डाउनलोड आणि पेनड्राइव्ह

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरत असाल तर एका खुणेकडं लक्ष द्या. भाषा आणि आर्किटेक्चर विचारणाऱ्या पानावर खाली "या पीसीसाठी सुचवलेले पर्याय वापरा" अशा अर्थाच्या ओळीपुढं आधीच टिक असते. तुम्ही ३२-बिट विंडोजवर बसून हे चालवत असाल तर ते ३२-बिटच सुचवतं. टिक काढा, मग आर्किटेक्चरची यादी उघडते, तिथून ६४-बिट निवडा. प्रोसेसर बरोबर ओळखूनही पुन्हा ३२-बिटच बसल्याच्या तक्रारी या एका टिकमुळं असतात.

लिनक्सची आयएसओ घेतली की तिच्या नावाच्या शेवटी एएमडी६४, एक्स८६-६४, आय३८६ किंवा एआरएम६४ काय आहे ते वाचा आणि कागदाशी जुळवा. मग शा२५६ तपासा, म्हणजे फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा. विंडोजवर सर्टयूटिल कमांडला हॅशफाइल आणि फाइलच्या नावानंतर शा२५६ लावून तो काढता येतो, तो साइटवरच्या आकड्याशी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं तरी जुळवून बघा. अर्धवट डाउनलोड आणि चुकीचं आर्किटेक्चर यांची लक्षणं एकसारखी दिसतात, त्यामुळं एक शक्यता आधीच कापून टाकलेली बरी.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं जाणार आहे. रूफसमध्ये (पेनड्राइव्ह तयार करायचं सॉफ्टवेअर) पार्टिशनचा प्रकार यूईएफआयच्या मशीनला जीपीटी, जुन्या बायोसला एमबीआर.

## ९. बॅकअप, मग बूट

३२-बिटवरून ६४-बिटवर अपग्रेड होत नाही. विंडोजमध्ये नाही, आणि लिनक्समध्येही तो मार्ग धरू नका. नव्यानंच टाकावं लागतं, म्हणजे सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, आउटलुकच्या फाइली, ब्राउझरचे पासवर्ड, जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, जो बऱ्याचदा थेट सी ड्राइव्हवर असतो, आणि टाकलेले फॉन्ट हे दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाइली उघडून बघा. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको, विंडोज १० मध्ये होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, तीच एडिशन टाकली की ३२ वरून ६४ ला गेल्यावरही ते चालतं.

३२-बिट विंडोजच्या आतून ६४-बिटचा सेटअप उघडत नाही, पेनड्राइव्हवरून बूट करावंच लागतं. लिनक्स असेल तर आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवा, वायफाय, आवाज, प्रिंटर बघा, मग इन्स्टॉल.

मध्येच अडलं तर एरर काय सांगते ते असं वाचा:

- "या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू लागतो पण आय६८६ सापडला" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य: खरंच ३२-बिट मशीनवर ६४-बिट आयएसओ लावलीय.
- हेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये आलं किंवा यादीत ६४-बिट पर्यायच दिसत नसेल: बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, ते चालू करा, आयएसओ बदलू नका.
- एक्झेक फॉरमॅट एरर: प्रोग्रॅम दुसऱ्या आर्किटेक्चरचा आहे.
- काहीच येत नाही, पेनड्राइव्ह दिसतच नाही: तिसरा टप्पा पुन्हा वाचा, बूट फोल्डरमधली फाइल बघा.

## १०. टाकून झाल्यावर

पुन्हा अबाउटमध्ये जा आणि तीच ओळ वाचा, आता स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना ६४ दिसायला हवं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेलं काही राहिलंय का बघा आणि पाचव्या टप्प्यातली यादी एकेक करून चालवून बघा, नुसतं इन्स्टॉल झालं म्हणून सोडू नका, प्रिंटरवर एक पान खरंच काढा.

शेवटी रॅम. "८ जीबी, त्यातली ३.२ वापरता येते" असं अजूनही लिहून येत असेल तर पुन्हा सिस्टिम टाकत बसू नका. बायोसमध्ये मेमरी रीमॅप नावाचा पर्याय असतो, तो चालू करा आणि मशीन पुन्हा चालू करा. पर्यायच नसेल तर रॅमच्या पट्ट्या काढून, टोकं पुसून, नीट बसवून बघा, आणि तरीही तोच आकडा आला तर बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त रॅम किती लिहिलीय ते बघून जास्तीची पट्टी दुसऱ्या मशीनला लावा.